नवी मोटरसायकल, मोजके पैसे: रायडिंग गिअर कसं निवडायचं

गाडी घ्यायची ठरली की हिशोब सुरू होतो तो गाडीची किंमत, नोंदणी आणि विमा यांचा. गिअरची, म्हणजे हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, बूट अशा अंगावर घालायच्या संरक्षक साहित्याची, आठवण होते ती चावी हातात पडल्यावर, आणि तोवर हात आखडलेला असतो. मग हेल्मेट कायद्यापुरतं घेतलं जातं, ग्लोव्हज पुढच्या महिन्यावर ढकलले जातात आणि बुटांचा तर विषयच निघत नाही. यावर उपाय एकच: गाडी पसंत करायच्या आधी गिअरचे पैसे वेगळे काढून ठेवा. त्यापायी एक पायरी खालचं मॉडेल किंवा वापरलेली गाडी घ्यावी लागली तरी खुशाल घ्या. गाडी दोन वर्षांनी बदलता येते. चुरा झालेला गुडघा पूर्वीसारखा होईलच, याची हमी कुठलाही डॉक्टर देत नाही.

"मी काही फार जोरात चालवत नाही, मला एवढं कशाला?" हा प्रश्न नव्या चालकांकडून हमखास येतो. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यात धडकेच्या क्षणीचा मध्यक वेग ताशी साधारण ३५ किलोमीटर निघाला. म्हणजे निम्मे अपघात त्याहूनही कमी वेगाला झाले होते. बाजारात जाऊन यायचा वेग तो हाच. गिअर लांबच्या सहलीसाठी असतं हा समज इथेच सोडून द्या.

पैशांची वाटणी

तुमच्याकडे गिअरसाठी जी काही रक्कम असेल तिचे शंभर भाग धरा. माझ्या मते त्यातले तीस हेल्मेटला, पंचवीस जॅकेटला, वीस पँटला, पंधरा बुटांना आणि दहा ग्लोव्हजना द्यावेत. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. सगळे पैसे एका महागड्या हेल्मेटवर घालून बाकी अंग उघडं ठेवणं मात्र टाळा. डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे मध्यम दर्जाचं संरक्षण असलं, तर ते एकाच जागी असलेल्या उत्तम संरक्षणापेक्षा जास्त कामाला येतं, कारण पडताना शरीराचा कुठला भाग आधी जमिनीला टेकेल हे आपल्या हातात नसतं.

सगळं एकदम जमत नसेल तर पहिल्या दिवशी हेल्मेट, ग्लोव्हज आणि आर्मरवालं (आत सांध्यांवर मार झेलणाऱ्या गाद्या असलेलं) जॅकेट घ्या. पायात घरात असलेले घोट्यावर येणारे जाड चामड्याचे बूट घाला. गुडघ्यांसाठी पट्ट्यांनी बांधायचे नी-गार्ड स्वस्तात मिळतात, ते जाड पँटच्या आत किंवा वरून चालतील. खरे बूट आणि रायडिंग पँट पुढच्या काही महिन्यांत जमवा. हा क्रम काटकसरीचा असला तरी त्यात शरीराचा कुठलाच भाग पूर्ण उघडा राहत नाही.

हेल्मेट: आधी डोकं मोजा, मग दुकानात जा

शिवणकामाची टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण बोटभर अंतरावरून, कानांच्या वरून, मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. दोनतीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. हा झाला आकार. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे डोक्याची ठेवण. वरून पाहिलं तर काही डोकी लांबट असतात, काही गोलसर, बरीचशी मधली. दोन माणसांच्या डोक्याचा घेर सारखाच ५८ सेंटीमीटर असला तरी एकाला जे हेल्मेट अगदी नीट बसतं तेच दुसऱ्याच्या कपाळाला टोचतं आणि कानशिलाशी सैल राहतं. म्हणून पहिलं हेल्मेट शक्यतो डोक्यात घालून बघूनच घ्या.

घालताना दोन्ही पट्टे बाहेर ओढून धरा आणि हेल्मेट पुढून मागे सरकवा. ते घालायला थोडं जड गेलं पाहिजे. गाल आत दाबले जाऊन बोलताना गालांची आतली बाजू दातांना लागली तर घाबरू नका. गालांच्या गाद्या वापराने थोड्या बसतात. आता हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे फिरवा. गाल आणि कपाळाची कातडी हेल्मेटसोबत सरकली पाहिजे. हेल्मेट फिरलं आणि कातडी जागच्या जागी राहिली, तर एक साइज खाली या. मग पट्टा घट्ट बांधा, मान खाली घाला आणि मागची कड धरून हेल्मेट पुढे ओढा. ते निघून आलं किंवा डोळ्यांवर आलं तर अपघातातही तेच होणार. शेवटी दुकानदाराला विचारून किमान वीस मिनिटं ते डोक्यात ठेवा. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लालभडक खूण उमटली किंवा तिथे ठणका लागला, तर ते हेल्मेट तुमच्या डोक्याच्या ठेवणीचं नाही. सगळीकडे सारखा दाब जाणवत असेल तर मात्र उत्तम. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट ही तपासणी करा. वीस मिनिटं थांबायला दुकानदार कुरकुर करत असेल तर दुसरं दुकान बघा.

प्रकाराबद्दल माझं मत ठाम आहे: पहिलं हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारंच असावं. डिटमार ओट्टे या जर्मन संशोधकाने अपघातातल्या हेल्मेटांवर मार कुठे बसतो याची नोंद केली. त्यात सुमारे एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागावर होता. उघड्या चेहऱ्याच्या हेल्मेटमध्ये तिथे काहीच नसतं.

आता पट्ट्यावरचं लेबल. तुमच्या देशात कायद्याने जी खूण आवश्यक आहे ती असलीच पाहिजे. त्याखेरीज ईसीई २२.०६ या युरोपातल्या हेल्मेट-नियमाची मान्यता असेल तर निवड सोपी होते. पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी एक आकडा दिसेल. तो मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ १ म्हणजे जर्मनी, ३ म्हणजे इटली. त्याचा दर्जाशी संबंध नाही. खालच्या लांब क्रमांकाची सुरुवात ०६ ने असेल तर हेल्मेट नव्या नियमानुसार तपासलेलं आहे. ०५ म्हणजे आधीचा नियम. नव्या नियमात हेल्मेटवर जास्त ठिकाणी आणि वेगवेगळ्या वेगांनी मार देऊन पाहतात, शिवाय तिरक्या धडकेत डोकं किती गरकन फिरतं हेही मोजतात. मेंदूच्या इजेत या फिरण्याचा वाटा मोठा असतो. क्रमांकापाशी पी हे अक्षर असेल तर हनुवटीचा भागही तपासलेला आहे. एनपी असेल तर तो भाग संरक्षण देत नाही, समोर पट्टी दिसत असली तरीही.

अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या डॉट खुणेची पद्धत वेगळी आहे. तिथे उत्पादक स्वतःच नियम पाळल्याचं जाहीर करतो आणि सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं. त्यामुळे मागे नुसता स्टिकर दिसला म्हणून विश्वास ठेवू नका. आत उत्पादकाचं नाव, मॉडेल, आकार आणि बनवल्याची तारीख छापलेली आहे का ते पाहा.

किंमत आणि सुरक्षितता यांची सांगड लोक समजतात तेवढी पक्की नाही. ब्रिटिश सरकारची शार्प नावाची योजना २००७ पासून हेल्मेटांची चाचणी करून एक ते पाच तारे देते आणि निकाल सगळ्यांना फुकट पाहता येतात. तिथे आवाक्यातल्या किमतीच्या हेल्मेटांना पाच तारे आणि महागड्यांना त्याहून कमी तारे मिळालेले आहेत. कार्बन फायबर आणि नामांकित रंगसंगतीला जे जास्तीचे पैसे पडतात ते मुख्यतः कमी वजन, कमी आवाज आणि चांगल्या वायुवीजनासाठी असतात. लांबच्या प्रवासात त्यांचा उपयोग होतो. पण पहिल्या वर्षी चांगल्या पॉलिकार्बोनेट कवचाचं, मान्यताप्राप्त आणि नीट बसणारं हेल्मेट पुरतं. काच पारदर्शकच घ्या. काळी काच रात्री धोक्याची. वाफ धरू नये म्हणून आतून पिनलॉकची पट्टी बसवायची सोय असेल तर आणखी बरं.

ग्लोव्हज

पडताना माणूस हात पुढे करतो. शिकून, ठरवून ही सवय जात नाही. तळहाताचा मनगटाजवळचा उंचवटा जमिनीवर आपटतो आणि रस्त्याच्या पकडीमुळे तिथेच अडकतो. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात स्काफॉइड नावाचं छोटं हाड असतं, त्यावर सगळा भार येतो. त्याचा रक्तपुरवठा नाजूक असल्याने ते मोडलं तर भरून यायला फार वेळ घेतं. म्हणून ग्लोव्हज घेताना आधी तळहात बघा, वरच्या दिखाऊ कडक प्लास्टिककडे नंतर. त्या उंचवट्यावर गुळगुळीत कडक तुकडा असेल तर हात अडकण्याऐवजी घसरतो. तळव्याला चामड्याचा दुसरा थर हवा, आणि जिथे घासणार तिथे उघडी शिवण नको.

मनगटाची पट्टी घट्ट बांधा आणि दुसऱ्या हाताने बोटांची टोकं धरून ग्लोव्ह ओढा. निघाला तर तो रस्त्यावरही निघेल. मूठ वळून ब्रेक आणि क्लचची हालचाल करून पाहा. बोटांच्या टोकाशी जास्तीचं कापड गोळा होत असेल तर लहान साइज घ्या. लेबलवर ईएन १३५९४ (ईएन म्हणजे युरोपीय मानक) आणि त्याखाली १ किंवा २ अशी पातळी असते. केपी लिहिलं असेल तर बोटांच्या सांध्यांवरचं संरक्षणही तपासलेलं आहे. बजेटमध्ये पातळी १ केपी चांगली निवड ठरते.

बूट

चांगल्या बुटांची किंमत पाहून बरेच जण इथेच थांबतात, म्हणून एक दिलासा देतो. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघातग्रस्त चालकांच्या कपड्यांचा अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष मांडले. त्यात मोटरसायकलचे नसलेले साधे बूट घातलेल्यांनाही पाय आणि घोट्याच्या इजांचा धोका स्पोर्ट्‌स शूज किंवा सपाट बूट घातलेल्यांपेक्षा निम्म्याच्या आसपास होता. म्हणजे आज घोट्यावर येणारे मजबूत चामडी बूट घातलेत तरी फरक पडतो.

खास बूट घ्यायची वेळ आली की ईएन १३६३४ पाहा. त्याखाली चार आकडे असतात: उंची, घासणं, कापलं जाणं आणि आडवं दाबलं जाणं. प्रत्येक आकडा १ किंवा २. नव्या चालकाने चौथ्या आकड्याकडे जरूर बघावं, कारण गाडी पायावर पडली की तळवा आडवा दाबला जातो. दुकानात बूट दोन्ही हातांत धरून टॉवेल पिळतात तसा पिळून पाहा. सहज पिळला गेला तर सोल कमकुवत आहे. घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक वाटी हाताला लागली पाहिजे. लेस असतील तर त्या झाकायला झडप हवी, नाहीतर गिअरच्या दांडीत अडकतात आणि सिग्नलला पाय टेकायच्या क्षणी गाडी आडवी होते.

जॅकेट

इथे सर्वांत जास्त फसगत होते. बाजारात "रायडिंग जॅकेट" नावाने जे मिळतं त्यातलं बरंचसं फक्त दिसायला तसं असतं. आतल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, ईएन १७०९२ हा क्रमांक आणि वर्ग शोधा. वर्ग पाच: एएए सर्वांत टणक, मग एए, मग ए. बी म्हणजे घासण्याला ए वर्गाइतकंच टिकणारं, पण आर्मर नसलेलं. सी म्हणजे फक्त आर्मर जागेवर धरणारी जाळी. रस्त्यावर घासण्यासाठी तिचा भरवसा धरू नये. पैसे पुरत असतील तर एए घ्या. उकाड्यात रोज शहरात चालवायचं असेल तर ए वर्गाचं जाळीचं जॅकेट चालेल, कारण उकाड्यामुळे घरी टांगून ठेवलेलं एएए जॅकेट कुणाला वाचवत नाही. नुसता "सीई" (युरोपीय नियम पाळल्याची खूण) एवढाच शब्द असेल तर तो बहुधा आतल्या आर्मरबद्दल असतो, जॅकेटबद्दल नव्हे. विक्रेत्याला हा फरक विचाराच.

आर्मर बाहेर काढून त्यावरचा शिक्का वाचा. खांदे, कोपर, गुडघे यांसाठी ईएन १६२१-१ असतं. चाचणीत ५० जूल ऊर्जेचा घाव घालतात आणि पलीकडे किती जोर पोचतो ते मोजतात. पातळी १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, पातळी २ ला २० पर्यंतच. पाठीच्या आर्मरला ईएन १६२१-२ लागू होतं: पातळी १ ला १८, पातळी २ ला ९. अनेक स्वस्त जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता स्पंजाचा तुकडा असतो. तो काढा आणि त्या खिशाच्या मापाचं पातळी २ चं आर्मर घाला. थोड्या पैशांत इतकी मोठी सुधारणा दुसऱ्या कशातच होत नाही.

जॅकेट घालून आरशासमोर उभं राहून भागत नाही. दुकानात असलेल्या गाडीवर किंवा खुर्चीवर उलटं बसून हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. कोपराचं आर्मर कोपरावरच आहे का? मनगट उघडं पडतं का? आता दुसऱ्याला ते आर्मर कापडावरून धरून फिरवायला सांगा. ते सरकून हाताच्या बाजूला गेलं तर पडताना तसंच सरकेल. बाहीवर आवळायची पट्टी असेल तर आवळून पुन्हा तपासा. नंतर बाही उलटी करून शिवण बघा: खांदा आणि कोपराच्या जागी टाक्यांच्या दोन किंवा तीन रांगा हव्यात, आणि त्यातली निदान एक आतल्या बाजूला दडलेली असावी, म्हणजे वरची घासून गेली तरी शिवण उसवत नाही. डी रोम यांच्या त्याच अभ्यासात अपघातात सापडलेल्या ग्लोव्हज, जॅकेट आणि पँटपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडे जास्त नग फाटून, उसवून निकामी झाले होते, आणि ते सगळे मोटरसायकलसाठी म्हणूनच विकलेले होते. टाके मोजायला लाजू नका.

चामडं की कापड? घासण्याला चांगलं जाड चामडं सरस. पण ते पावसात भिजतं, उन्हात तापतं, आणि स्वस्तातलं चामडं पातळ असतं. मर्यादित पैशांत कापडी जॅकेट जास्त उपयोगी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली मोटोकॅप ही योजना २०१८ पासून जॅकेट, पँट आणि ग्लोव्हज फाडून, घासून तपासते आणि संरक्षणासोबत उकाड्यातल्या सोयीलाही गुण देते. तुमच्या नजरेतलं मॉडेल तिथे असेल तर घेण्याआधी गुण बघून घ्या.

पँट

साधी जीन्स रस्त्यावर घासली की क्षणात फाटते. रायडिंग जीन्स म्हणून विकली जाणारी पँट घेताना तिलाही ईएन १७०९२ चं लेबल आहे का पाहा; नुसतं गुडघ्याला अरामिड या चिवट धाग्याचं अस्तर पुरेसं नाही, कारण माणूस नितंबावर आणि कुल्ल्यावरही घसरतो. बसल्यावर गुडघ्याचं आर्मर बरोबर वाटीवर आलं पाहिजे, उभं असताना ते थोडं खाली दिसेल. कुल्ल्याचं आर्मर अनेकदा सोबत येत नाही, खिसा मात्र असतो. ते नंतर घालता येतं.

पाऊस आणि कान

जॅकेटमध्येच पाणी अडवणारा थर हवा असा हट्ट धरू नका, त्यापायी किंमत फार वाढते. वरून घालायचा साधा रेनसूट पुरतो. भडक रंगाचा घ्या, म्हणजे पावसात इतरांना दिसाल. लांब पल्ल्याला वाऱ्याचा आवाज हेल्मेटच्या आतही कानाला इजा करण्याइतका वाढतो. फोमचे इअरप्लग ही सगळ्या यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

स्वस्तात कुठे मिळवायचं, कुठे नाही

गेल्या वर्षीचे रंग, बंद झालेली मॉडेलं आणि हंगाम संपल्यावरची सूट, या तीन ठिकाणी खरे पैसे वाचतात. हेल्मेट मात्र बनवल्याची तारीख पाहूनच घ्या. वापरलेलं जॅकेट, पँट किंवा बूट घ्यायला हरकत नाही: घासल्याच्या खुणा, उसवलेले टाके, पुन्हा शिवलेली जागा आणि कडक किंवा भेगाळलेलं आर्मर तपासा. वापरलेलं हेल्मेट कधीच नको, ओळखीच्याकडून फुकट मिळालं तरी. आतला पांढरा थर्माकोलसारखा थर मार बसला की दबून ऊर्जा शोषतो आणि पुन्हा फुगत नाही. बाहेरून कवच चकचकीत असलं तरी आत काय झालंय ते डोळ्यांना दिसत नाही.

विकत घेताना परत करण्याच्या अटी विचारा आणि पावती जपून ठेवा. घरी आल्यावर लेबल न कापता अर्धा तास घरातच सगळं घालून बसा. टोचणारी, काचणारी गोष्ट तेव्हाच लक्षात येते आणि ती बदलून घेता येते.

सांभाळणं आणि बदलणं

हेल्मेट आरशावर अडकवू नका, आतला थर तिथे दबतो. पेट्रोल, थिनर किंवा काच पुसायचे उग्र द्रव कवचाला लावू नका; कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा. जॅकेट धुताना आर्मर काढा, आणि परत घालताना वरची बाजू वरच राहील याकडे लक्ष द्या. उलटं घातलेलं आर्मर सांध्यावर बसत नाही.

नियमित वापरातलं हेल्मेट साधारण पाच वर्षांनी बदलावं. अपघातात ते डोक्यासकट आपटलं असेल तर त्याच दिवशी. कचऱ्यात टाकण्याआधी पट्टा कात्रीने कापून टाका, म्हणजे ते उचलून दुसरं कुणी वापरणार नाही.